त्याच चवडीतली भाकर
बाजरीची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर टेकवली, की तो खरपूस वास मला थेट शिरूरच्या आमच्या चर्चमध्ये नेऊन बसवतो. पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार असेल. आम्ही न्हावऱ्याहून एस.टी.नं रविवारच्या उपासनेला यायचो आणि दुपारच्या जेवणासाठी आईनं फडक्यात भाकऱ्यांची चवड बांधलेली असायची. येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत सगळे वाटून घेतात, त्या प्रभुभोजनाचा पाव दौंडच्या बेकरीतून यायचा. त्या रविवारी दौंडची गाडी आलीच नाही. गीतं गाऊन झाली, द्राक्षरस भरून ठेवलेला, आणि पावाचं ताट रिकामंच. पाळकसाहेबांची नजर आईच्या फडक्यावर गेली. "बाई, त्यातली एक भाकर द्याल?" पुढच्या बाकावरचे म्हातारे आबा ताडकन उठले. "बाजरीची? प्रभुभोजनाला? आसं कुठं आसतंय व्हय?" पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "आबा, आपल्या शास्त्रात येशूनं भाकर मोडली असंच लिहिलंय. पाव कुठं लिहिलाय?" आबा खाली बसले. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन्ही हातांनी भाकर पुढं केली. तिचे काळपट तुकडे बाकाबाकांतून फिरले. आबांनीही डोळे मिटून आपला घेतला. उपासनेनंतर चिंचेखाली जेवायला बसलो, मी फडक्यात हात घातला, तर आईनं तो धरला. तिची मान अशी ताठ मी कधी पाहिली नव्हती. "आधी हात धू," ती म्हणाली, "त्याच चवडीतली हाय ती." आता आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला पातळ, पांढरी चकती मिळते, ती मी श्रद्धेनं घेते. पण भाकरीला मात्र अजूनही हात धुतल्याशिवाय शिवत नाही.