पाववाल्याच्या लेकीनं बाळसं धरलं

पाववाला तसा तोंडाचा फटकळ, पण हाताचा गोड. त्याच्या भट्टीचा पाव एकदा खाल्लेला माणूस दुसऱ्या दुकानाची पायरी चढायचा नाही. घाण्यातला पहिला पाव फोडून बघायचा, आतून नीट भाजलाय का ते, अशी या धंद्याची रीतच आहे. फोडलेला पाव कोण विकत घेणार? तो घरी जायचा, पोराला.

पोरगा त्याचा पहिला. जन्मतः गुटगुटीत, आणि वरचं खायला लागल्यावर जो सुकत गेला तो गेलाच. हातापायांच्या काड्या, पोट मात्र फुगलेलं. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी जंताचं औषध दिलं. पाववाल्याचा भरवसा आपल्या हातावर. पोटात अन्न गेलं की अंग धरेल, एवढं साधं गणित. पोर जितकं वाळलं तितका हा पावात लोणी वाढवत गेला. बायको तो दुधात कुस्करून घास घास भरवायची. शाळेचं तोंड बघायच्या आत पोरगा गेला. देवानं दिला, देवानं नेला, असं म्हणून माणसं उठून गेली. दुसरं काय म्हणणार?

पुढे मुलगी झाली. तीही वरचं खायला लागली आणि तशीच वाळायला लागली. यावेळी मात्र बायको ऐकेना. नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांच्याकडे पोरीला घेऊन गेली. रक्त तपासलं, आतड्याची तपासणी झाली. बाई म्हणाल्या, "हिला गहू सोसत नाही. पाव, बिस्किट, मैदा, सगळं बंद. जन्मभर."

पाववाला भडकला. "पाववाल्याच्या पोरीला पाव बाधतो? उद्या म्हणाल, माशाला पाणी बाधतं."

बायको वाद घालत बसली नाही. घरातला कणकेचा डबा तिनं शेजारी देऊन टाकला. भात, बटाटा, अंडी, मक्याचं पीठ, यावर पोरीला ठेवलं. नवऱ्याला सांगितलं, "अंगावर पीठ घेऊन तिला जवळ घ्यायचं नाही. आधी अंघोळ, मग लेक." तो पुटपुटायचा, पण मोरीत जायचा.

आणि पोरगी फुलली हो! आधी पोट उतरलं, मग जुलाब थांबले, मग गाल वर आले. दंडाला वळ्या पडल्या. जिना चढताना धापा टाकणारी पोर आता जिन्यावर दंगा करून खालच्या बिऱ्हाडाच्या शिव्या खायची. पाववाला येईल त्या गिऱ्हाईकाला तिचं वजन सांगत सुटला. इतका खूश तो कधी कुणाला दिसला नव्हता.

थंडी पडली तशी बायकोनं ट्रंकेतून पोरीच्या गेलेल्या भावाचा स्वेटर काढला. पोरगी अजून चारचीही नव्हती. स्वेटर डोक्यातून कसाबसा गेला, पण दंडाला अडकला, पोटावर काही उतरेना. पोर हसत "घट्ट, घट्ट" म्हणत सुटून पळाली.

पाववाला स्वेटर हातात घेऊन बसला. "हा तर त्याला शेवटी खांद्यावरून घसरायचा," तो म्हणाला. "आणि तो हिच्यापेक्षा मोठा होता."

बायको ट्रंकेचं झाकण लावायला लागली.

"त्यालाही हेच होतं का गं?"

"हो. डॉक्टरीणबाईंना मी त्याच दिवशी विचारलं."

त्याचं तोंड पांढरं पडलं. "म्हणजे मीच त्याला... रोज..."

"तुम्ही आणत होतात," ती म्हणाली. "भरवत मी होते. शेवटी शेवटी तो मान फिरवायचा, तर मी रागवून भरवायचे."

तेवढ्यात बाहेरून पोरीनं हाक मारली, भूक लागली म्हणून. बायको पदरानं डोळे पुसत उठली, आणि तिच्या मागोमाग तोही उठला.