रेडकरांचा गुरू

विश्राम रेडकर गच्चीवर फोटो काढायला लागले की तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांना हातातला वरवंटा थांबवावा लागे. जिन्यातून हाक यायची, "वैनीनू, दोन मिनिटां वाटप थांबवा! गुरू हलता!" गुरू कशाला हलतोय? हलायची ती आमची लालबागची चाळ, आणि तिच्याबरोबर रेडकरांची दुर्बीण.

रेडकर गिरणीत फिटर होते. मी शाळामास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. दुर्बीण त्यांनी स्वतःच बनवली होती. भंगारबाजारातून बोटीच्या खिडकीची जाड काच आणली, अकरा महिने हातानं घासून तिचा आरसा केला आणि पत्र्याच्या नळीच्या तळाशी बसवला. कॅमेरा जुना, पेटीचा. नळीच्या तोंडावरचा काळा पुठ्ठा ते क्षणभर बाजूला करत आणि परत झाकत. तेवढा वेळ श्वास रोखून धरत आणि आजूबाजूच्यांनाही धरायला लावत.

मी एकदा विचारलं, "शुक्र एवढा झगझगतो, त्याचा फोटो का नाही काढत?"

माझ्याशी ते अर्धं मराठी, अर्धं मालवणी बोलत. "मास्तर, शुक्राचो फोटो म्हणजे नुसतो चुन्याचो ठिपको. ढगांची चादर ओढून बसलो हा. आत काय दिसाचा? बुध धुराड्यांच्या धुरात बुडता. मंगळ दोन वर्सांनी जवळ येता, पावण्यासारखो, नि चार दिवसांत बारीक होता. शनी देखणो, पण उजेड कमी. पुठ्ठो जास्त वेळ उघडो ठेवूक होयो, नि तवसर चाळ गप ऱ्हवता होय?"

"म्हणून गुरू?"

"गुरू मोठो, उजेडाचो. पुठ्ठो उघडलो, झाकलो, झाला काम. अंगावर पट्टे, बाजूक चार चंद्र, नि रोज वेगळे जागी. आज काढलो तरी उद्या परत काढूक होयो."

बारा फोटोंतले दहा फुकट जात. उरलेल्या दोहोंत वाटाण्याएवढा गुरू असे, त्यावर दोन पुसट रेघा. त्या रेघा दाखवताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

त्या वर्षी संक्रांत नुकतीच झाली होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले होते आणि आमच्या भागात गोळीबार चालू होता. गिरण्या बंद. संचारबंदी लागलेली. त्या दिवशी सकाळी पहिल्या मजल्यावरच्या शांताबाईंचा तरणा मुलगा नाक्यावर गोळी लागून गेला. शांताबाईंचा आवाज दिवसभर सगळ्या मजल्यांवर ऐकू येत होता. सूर्य मावळताना मी सहज वर पाहिलं, तर रेडकर गच्चीकडे चढत होते.

माझं डोकं फिरलं. मी मागोमाग वर गेलो. नळी कठड्याला तिरकी टेकवलेली होती, आणि रेडकर आरसा दोन्ही हातांत धरून फडक्यानं पुसत होते.

"रेडकर, लाज नाही वाटत? खाली पोरं मरतायत आणि तुम्हाला गुरू सुचतोय?"

त्यांनी मान वर केली नाही. "धुराडी बंद हत, मास्तर. असा आकाश परत मेळाचा नाय." मग हळूच म्हणाले, "सकाळी शांताबायच्या झिलाक मीच उचलून हास्पिटलात नेलंय. वाटेतच गेलो."

तेव्हा मला त्यांच्या बाहीवरचा सुकलेला डाग दिसला. मी काही बोलणार, इतक्यात रस्त्यावरून शिट्टी वाजली. कोणीतरी ओरडलं, "वर बंदूक आहे!" जिन्यात बुटांचा धडधडाट झाला आणि एक अधिकारी दोन बंदूकधारी शिपायांसह गच्चीवर आला.

"हात वर!"

माझे हात आपोआप वर गेले. रेडकरांचे गेले नाहीत.

"हात वर म्हणतो ना!" शिपायानं बंदूक त्यांच्या छातीवर रोखली.

"सायब, हात वर केलंय तर ह्यो पडात."  त्यांचे हात ढळले नाहीत. "मास्तर, धरा."

मी कसाबसा पुढे झालो. आरसा त्यांच्या हातांतून घेऊन छातीशी धरला. मग रेडकरांनी सावकाश हात वर केले.

शिपायानं नळीत हात घातला. ती रिकामी होती.

"आरशानं कोणाला खुणा करत होतास?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"गिऱ्हांचे फोटो काढतंय, सायब."

"दाखव."

गुरू उगवायला अजून अवकाश होता. पश्चिमेला शुक्र तेवढा दिसू लागला होता. पाठीला बंदूक लावलेली असताना रेडकरांनी आरसा बसवला, स्क्रू आवळले, नळी शुक्राकडे वळवली आणि बाजूला झाले. अधिकारी वाकला आणि लगेच ताठ झाला.

"हा तर चंद्र आहे! एका बाजूनं कापलेला. मला बनवतोस?"

"चंद्र तो थंय हा, सायब. कोर हा ती. ह्यो शुक्र, तोय चंद्रासारखोच कापलेलो दिसता."

अधिकाऱ्यानं मान वळवून कोर पाहिली आणि पुन्हा नळीला डोळा लावला. यावेळी तो बराच वेळ वाकून राहिला. शिपायांनी बंदुका कधी खाली केल्या, कळलंही नाही.

"गच्चीला कुलूप लावा," तो शेवटी म्हणाला. "पुन्हा वर दिसलात तर गोळी लागेल. मी नाही तर दुसरा कोणी घालेल." आणि ते उतरून गेले. रेडकरांनी नळीचं तोंड पुठ्ठ्यानं झाकलं. 

महाराष्ट्राचं राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी रेडकर छातीच्या दुखण्यानं हॉस्पिटलात पडले. आयुष्यभराचा कापसाचा धुरळा आत साचला होता. मी भेटायला गेलो तेव्हा इतकी वर्षं घशात अडकलेलं बोलून टाकलं. "रेडकर, त्या संध्याकाळी मी तुम्हाला भलतंच बोललो."

"भलतां कित्याक? बरोबरच बोललात. जिनो चढताना मीय ताच माका विचारी होतंय."

"मग गेलात कशाला वर?"

त्यांना धाप लागली. मग पांघरुणातून दोन्ही तळवे बाहेर काढून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "त्या पोराचा रगत चार वेळा धुतलंय, मास्तर. तरी हात तसेच लागत होते. हातांका दुसरा कायतरी काम होया होता."

चौथ्या दिवशी ते गेले. खांदा द्यायला शांताबाईंचा धाकटा मुलगा सर्वांत पुढे होता.