शूमास्तरांच्या पेटीतली घरघर

कानाच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं ऐकण्याची तपासणी करणाऱ्या त्या गृहस्थांना खरं नावही होतं, पण ते हजेरीपुस्तकाबाहेर कुणी वापरत नसे. सगळे त्यांना शूमास्तर म्हणत. आत पाऊल टाकणारा रोगी असो, फरशी पुसणाऱ्या मावशी असोत की खुद्द डॉक्टरबाई, ओठांवर बोट ठेवून ते आधी "शू" करायचे आणि मग नमस्कार. घरीही तीच तऱ्हा. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक सोसत नाही म्हणून त्यांनी त्यातला सेल काढून टाकला होता, आणि त्यांच्या घरात गेली चार वर्षं सव्वासात वाजलेले होते. बायकोने तक्रार करणं केव्हाच सोडून दिलं होतं.

मास्तरांचं सगळं राज्य म्हणजे एक पेटी. पेटी म्हणायचं ते लोकांनी पाडलेलं नाव. खरं तर ती लाकडाची, दुहेरी भिंतींची, आतून स्पंज लावलेली इवलीशी खोली होती. एक माणूस खुर्चीवर बसेल एवढीच. दार जड, खिडकीला दोन काचा. आत बसणाऱ्याच्या कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. मास्तर बाहेरून एकेक स्वर सोडायचे, आधी मोठा, मग हलका, मग त्याहून हलका. ऐकू आला की आतल्याने बटण दाबायचं. बटण थांबलं तिथे कान थांबला, असा हिशोब.

सात महिन्यांपूर्वी खुंट्या फिरवायचं जुनं यंत्र गेलं आणि कॉम्प्युटर आला. ठेवायला जागा नव्हती, म्हणून पेटीच्याच बाहेरच्या भिंतीला फळी ठोकून त्यावर तो बसवला. पुढे जुनी कागदपत्रं साठवायला डॉक्टरबाईंनी त्यात दुसरी हार्डडिस्क घालून घेतली. जुन्या यंत्राच्या काळात मास्तर दर शनिवारी सकाळी स्वतः पेटीत बसून आपल्या कानांनी सगळे स्वर पडताळायचे. नव्या यंत्राबरोबर आलेला माणूस म्हणाला, हा आपला आपणच पडताळतो. मास्तरांनी शनिवारचं बसणं सोडलं. सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोला.

तर एका सोमवारी मास्तर पेटीत वाकून खुर्चीचा ढिला स्क्रू पिळत होते आणि वीज गेली. अंधार झाला त्याचं काही नाही, पण एकदम असं निःशब्द झालं की त्यांचा हात जागच्या जागी थांबला. आवाज थांबला तेव्हा कळलं, आवाज होता. पाच मिनिटांनी वीज आली, डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटर सुरू केला, आणि भिंतीतून घरघर उगवली. चढायची, उतरायची, परत चढायची. मास्तरांनी लाकडाला तळहात लावला तर हाताला मुंग्या आल्यासारखं झालं. दोन डिस्का जवळजवळ एकाच वेगाने फिरत होत्या, फळी थरथरत होती आणि फळीबरोबर सगळी पेटी. आणि ती घरघर होती तपासणीतल्या खालच्या, जाड स्वरांना अगदी खेटून, म्हणजे हलका स्वर सोडला की तिच्यातच बुडणार.

आणि मास्तरांना एक बसड्रायव्हर आठवला.

अकरा दिवसांपूर्वीची गोष्ट. दर दोन वर्षांनी होते तशी त्याची तपासणी होती. उंचापुरा, पेटीत गुडघे मावेनात असा माणूस. खालचे हलके स्वर त्याने दोन्ही कानांनी सोडून दिले होते. वर मास्तरांनी आपल्या हाताने शेरा मारला होता, "कानात सतत घुमतं असं सांगतो." आकडे आणि शेरा एकत्र बघून डॉक्टरबाईंनी गाडी बंद केली. फेरतपासणी येत्या शुक्रवारी. तीत नापास झाला की गाडी कायमची सुटणार. तोवर सोळा वर्षं बस चालवलेला तो माणूस डेपोत पाइप धरून बस धूत होता. शुक्रवारी तो पुन्हा ह्याच पेटीत बसणार होता.

मास्तर डॉक्टरबाईंकडे गेले, पण निम्मंच बोलले. कॉम्प्युटर जरा आवाज करतो म्हणाले. ड्रायव्हरचं नाव काढलं नाही.

"बिनफिरती डिस्क येते ना हल्ली, तिला आवाजच नसतो. अर्ज करा," बाई म्हणाल्या.

अर्ज मंजूर व्हायला दोन महिने. हातात चार दिवस. मास्तरांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

"आवाज दाबत बसू नका मास्तर," तो म्हणाला. "थरथर तोडा. डिस्क लोखंडाला टेकली की सगळा डबा बोलायला लागतो. मी आता पुढच्या सोमवारशिवाय येत नाही, तुम्हीच बघा काय जमतं ते."

मंगळवारी मास्तरांनी कॉम्प्युटर फळीवरून काढून जमिनीवर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला. भिंत गप्प झाली, आता जमीन बोलायला लागली. खुर्ची जमिनीवरच, म्हणजे आवाज बूड धरून वर चढायचा. मग प्रत्येक स्क्रूखाली नळाचे रबरी वायसर घातले. घरघर बारीक झाली, गेली नाही. मास्तर पेटीत जात, बाहेर येत, पुन्हा आत जात. बाहेर रांगेत बसलेले लोक घड्याळं बघू लागले. एका आजोबांनी विचारलं, तपासणी आमची आहे की यांची.

बुधवारी त्यांनी दोन्ही डिस्का स्पंजात गुंडाळल्या. गप्पगार. मास्तरांनी मावशींना स्वतःहून चहा पाजला. तासाभराने सहज हात लावला तर डिस्क तव्यासारखी तापलेली.

"स्वेटर घालून उन्हात बसवलीत तिला," दुरुस्तीवाला फोनवर हसला. "आणखी दोन दिवस राहिली असती तर सगळ्यांचे कागद घेऊन गेली असती."

त्या संध्याकाळी मास्तर घरी एका जागी ठरेनात. बसले की उठत, उठले की खिडकीशी जात. बायको पायजम्याच्या नेफ्यात इलॅस्टिक ओवत होती.

"अहो, काय चाललंय? जमीन झिजेल."

मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. घरघर, डिस्का, ड्रायव्हर. तिने सुई थांबवली.

"मग त्या ड्रायव्हरला कळवलंत?"

"आधी आवाज तर जाऊ दे."

"डिस्कला काही घाई नव्हती," ती म्हणाली. "तो तिकडे बस धुतोय."

मास्तरांना राग आला, आणि तो बायकोवर नाही हेही कळलं. त्यांनी तिच्या हातातलं इलॅस्टिक ओढून पाहिलं. ताणलं, सोडलं, बोटाने छेडलं. ते थरथरलं, पण ज्या बोटांत धरलं होतं तिथवर काही पोचलं नाही.

"हे मी घेऊन जातो."

"घ्या. पायजमा तुमचाच आहे."

गुरुवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आत त्यांनी कॉम्प्युटरमधले सीडीचे दोन खण मोकळे केले, इलॅस्टिकचे फास आडवे ओढून बांधले आणि त्यांत एक डिस्क अशी झुलत ठेवली की लोखंडाला कुठेच शिवू नये. तिच्याखाली चार बोटं जागा सोडून दुसरी. स्पंज नाही, वारा खेळता. मग मावशींना कॉम्प्युटरपाशी उभं केलं. "मनात येईल तेव्हा चालू करा, मनात येईल तेव्हा बंद. मला सांगू नका." आणि स्वतः पेटीत बसून प्रत्येक वेळी ओरडून अंदाज सांगू लागले. दहापैकी सहा वेळा चुकले. आयुष्यात चुकण्याचा एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

पण चुळबुळ काही थांबली नाही. आवाज गेला होता, सांगायचं तसंच राहिलं होतं.

शुक्रवारी ड्रायव्हर आला. हात पाण्याने पांढरे पडलेले, नखांपाशी कातडी सोललेली. मास्तरांनी नेहमीसारखं बोट ओठांकडे नेलं आणि खाली घेतलं. तो पेटीत गेला, गुडघे आवळून बसला. मास्तरांनी हेडफोन चढवायला हात पुढे केला तर त्याने तो अडवला. मान जरा तिरकी करून तो ऐकत राहिला.

"आज ते घूं-घूं नाही," तो म्हणाला.

"कसलं?" मास्तरांनी विचारलं. कसलं ते त्यांना माहीत होतं.

"मागच्या वेळी होतं ते. मी तुम्हाला म्हटलं की, भिंतीतून काहीतरी घुमतंय म्हणून. तुम्ही शू केलंत." तक्रारीचा सूर नव्हता. "मला वाटलं, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणजे माझ्याच कानात असणार. घरी जाऊन उशीवर कान दाबून बघितला."

मास्तरांनी हेडफोन चढवले, दार लावलं आणि एकेक स्वर सोडला. हलका, त्याहून हलका, यंत्र देईल तेवढा हलका. प्रत्येकाला बटण दाबलं गेलं. खालचे सगळे स्वर. असे कान त्या पेटीत वर्षातून एखाद्या वेळीच यायचे.

त्यांनी जुना कागद काढला आणि आपल्याच शेऱ्याखाली लिहिलं, "आवाज कानात नव्हता, खोलीत होता. चूक माझी." खाली सही केली, पूर्ण नावाने. तो कागद आणि नवा कागद ड्रायव्हरसमोरच डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवला आणि या वेळी सगळं सांगितलं. बाईंनी दोन्ही कागद दोनदा वाचले. ड्रायव्हरला म्हणाल्या, "सोमवारपासून गाडीवर जा." तो खुर्चीवरून उठला, मास्तरांकडे बघून मान हलवली आणि निघून गेला.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "या सात महिन्यांत असे आणखी किती?"

मास्तरांनी फायली काढल्या आणि पेटीच्या दाराला टेकून खाली बसले. आकडे बघायची गरजच पडली नाही, शेरेच पुरेसे होते. कानात घुमतं असं सांगतो. भुंगा असल्यासारखं वाटतं म्हणते. आवाज येतो, येतो जातो म्हणतात. सगळं त्यांच्याच वळणदार अक्षरात. मोजले तर अकरा निघाले.

अकरा जणांनी त्यांना सांगितलं होतं. बोट ओठांवर ठेवून अकरा वेळा त्यांनी ते लिहून घेतलं होतं.

त्यांनी पहिला कागद मांडीवर घेतला. त्यावर एका शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंचा नंबर होता. फोन लागला, पलीकडून "कोण?" असं आलं.

"कानाच्या दवाखान्यातून बोलतोय," ते म्हणाले. "त्या दिवशी पेटीत बसल्यावर तुम्ही मला काहीतरी सांगत होतात. ते जरा परत सांगाल का?"