बक्षिसाच्या पुस्तकातला भला राजा

खोटं बोलायचं नाही, हे आईनं मला पाठीत रट्टे घालून शिकवलं होतं. तरी वर्षभर दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, मी सगळ्या शाळेपुढं उभी राहून खोटं बोलले, तेही इतिहासाच्या नावानं.

धाराशिवात तेव्हा निजामाचं राज्य. मुलींच्या शाळेत मी इतिहासात पहिली आले, म्हणून बाईंनी इनामाला पुस्तक आणलं, अमेरिकेचा खरा इतिहास, मुलांसाठी लिहिलेला. आणलं बार्शीहून, म्हणजे इंग्रजी मुलखातून. वर 'बक्षीसपात्र' असं ठळक छापलेलं. बक्षीस मिळालंय म्हणजे त्यात वावगं काय असणार, म्हणून बाईंनी उघडूनही बघितलं नाही. वा रे शहाणपण!

इनामाच्या पुस्तकातलं एक पान बक्षीस-समारंभाच्या जलशात मोठ्यानं वाचायचं, ही शाळेची रीत. पुढं तहसीलदारसाहेब बसलेले. त्यांना मराठी कळायचं, वाचता यायचं नाही. मी पान उघडलं. आपला राजा जुलमी आहे, तो आम्हाला नको, असं तिथल्या लोकांनी लिहून दिलं आणि लढाई पुकारली! शेजारून बाईंनीही ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. बाई विधवा, त्यांच्या पगारावर म्हातारे सासू-सासरे जगायचे. याहून साध्या गोष्टीसाठी एका मास्तरांना शिपाई धरून घेऊन गेले होते.

"पढो बेटी," साहेब म्हणाले.

मग काय, बनवलं! अमेरिकेचा राजा लई भला होता, त्यानं गावोगाव विहिरी खणल्या, लोकांनी त्याला उदंड आयुष्य मागितलं. साहेब खूश झाले. "वाह! दर जुमेरातीला हे साऱ्या मुलींना वाचून दाखवायचं." आगीतून निघून मी फुफाट्यात पडले.

"बाई, मला न्हाय जमायचं," मी रडले.

"नाही म्हणालीस तर साहेब पुस्तक मागवून दुसऱ्याकडून वाचून घेतील, बाळ," बाई म्हणाल्या.

बुधवारपासूनच मी पुढची गोष्ट जुळवत बसायचे. राजाला हत्ती दिला, लेक दिली, दुष्काळात कोठारं उघडायला लावली. मुली विचारायच्या, "पुढं काय झालं गं?" त्या पुस्तकाचा मला संताप यायचा. बाईंचाही यायचा. पळून जावं वाटायचं, पण जाणार कुठं?

पुढं निजामाचं राज्य गेलं. त्याच आठवड्यात बाईंनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "आता खरं वाच." त्यांचे डोळे भरले होते. मी छाती भरून श्वास घेतला आणि तेच पहिलं पान वाचलं.

मग एक मुलगी उठली. तिचे वडील नुकतेच निजामाच्या तुरुंगातून सुटून आले होते.

"खोटं वाचतीया ही!" ती ओरडली. "आमचा अमेरिकेचा राजा लई भला होता."

मी पान तिच्यापुढं धरलं. तिनं तोंड फिरवलं.