विहिरीत परत सोडलेलं पाणी

लग्न होऊन सांगलीहून तासगावच्या बाजूला गेले. गावात जैनांचं घर एकच, आमचं. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावात पटकीची साथ आली आणि गावातल्या बायांची नजर माझ्या तांब्यावर गेली.

आमच्यात पाणी गाळूनच प्यायचं. फडक्यात राहिलेले बारीक जीव थोड्या पाण्यानं तांब्यात उतरवायचे आणि ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत दोरीनं अलगद सोडायचे. सासूबाई आजवर हे काम अंधारातच उरकून येत, त्यामुळे कुणी पाहिलं नव्हतं; मी मात्र उजाडल्यावर जायची.

एका सकाळी पाटलीणबाईंनी माझी दोरी धरली. "रोज काय वततीस गं हिरीत? ती घागर पालथी कर. आजपास्नं हितं पाण्याला यायचं न्हाई!" बायांनी कोंडाळं केलं. गावात प्यायच्या पाण्याची विहीर तेवढी एकच. आणि घरी सासरे तापानं फणफणलेले.

तेवढ्यात मुलाण्याची बायको पुढे आली. बकरी कापणारं घर म्हणून सासूबाईंनी मला तिच्याशी बोलायचीसुद्धा बंदी केली होती.

"इख हाय व्हय ह्यात? मी पिऊनच दावते," म्हणत तिनं तांब्या उचलला.

"नका पिऊ!" मी किंचाळले आणि तिचा हातच धरला.

"बघा! कबूल झाली!" एकच गलका उठला. मग मात्र माझं डोकं असं फिरलं! "कसलं कबूल? बारीक जीव आहेत त्यात, तुमच्याच विहिरीतले! या प्यायल्या तर मरतील बिचारे. त्यांच्याच घरी सोडतेय मी त्यांना!"

मुलाणीण हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "आगं बया! मला वाटलं, माझ्या जिवासाठी वरडलीस!" मग तिनं स्वतःच तो तांब्या आपल्या दोरीनं जपून विहिरीत सोडला. "घ्या, आता मला बी बंदी घाला. ह्या पोरीसंगं मी बी तहानेनं मरते."

पाटलीणबाईंनी वाकून माझं फडकं पाहिलं. त्यात एक अळी वळवळत राहिली होती. "ह्ये आमी रोज पितूय व्हय?" म्हणाल्या आणि दोरी सोडली.

घागर मुलाणिणीनं माझ्या कडेवर चढवली. मी ताठ मानेनं घरी आले आणि सासूबाईंना सगळं सांगून टाकलं, घागरीला हात कुणाचा लागला तेसुद्धा. मग त्याच घागरीतून भांडं भरून त्यांनी सासऱ्यांना पाजलं, उरलेलं स्वतः प्यायल्या, आणि म्हणाल्या, "उद्या पाण्याला जाताना तिला हाक मार."