बोर्डावरचं अक्षर माझं होतं

मैत्रिणींनो, आज दुपारी मी चाळीस वर्षांपूर्वीचा गुन्हा कबूल केला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

गांजा कायदेशीर व्हावा म्हणून अमेरिकेतल्या आमच्या गावात दर वसंतात मेळावा भरायचा. तेव्हा मूठभर लोक असायचे आणि तेवढेच पोलीस. शेजारच्या लिंडाच्या नवऱ्याला कॅन्सर होता. गांजा ओढला तरच त्याच्या पोटात चार घास जायचे. लिंडा मला म्हणाली, "तुझं अक्षर सुरेख आहे, मला मेळाव्यात धरायला बोर्ड लिहून दे."

व्हिसा जाईल या भीतीनं मी ह्यांनाही सांगितलं नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेल्या वळणदार इंग्रजीत लिहिलं, "माझ्या नवऱ्याला जेवू द्या."

आता आमच्या राज्यात कायदा झालाय आणि मेळावा सणासारखा भरतो. आज तिथे इतिहासाच्या तंबूत तोच बोर्ड होता. खाली चिठ्ठी होती, "लिहिणारा अज्ञात."

हे चष्मा सावरत म्हणाले, "अगं, हे तर आपल्या डाळींच्या डब्यांवरचं अक्षर!"

व्हीलचेअरमधल्या लिंडानं मला कोपरानं ढोसलं. "सांग की आता! तुझ्या व्हिसाला आता कोण हात लावतंय?"

मी मार्कर मागून घेतला, "अज्ञात" खोडलं आणि त्याच वळणदार अक्षरात माझं पूर्ण नाव लिहिलं. तंबूभर टाळ्या पडल्या.

लिंडा मात्र बोर्डाकडे बघत हळूच म्हणाली, "त्या दिवशी मेळाव्यातून घरी गेले, तर तो दोन वाट्या सूप प्यायला होता."

तुमच्याही कुठल्या कामावर भीतीपोटी नाव टाकायचं राहून गेलंय का गं?