विरलेला फेस

घरी केलेल्या बिअरचा फेस मी बघत बसलो होतो. ओतल्यावर दोन बोटं उभा राहिला आणि चकलीचा तुकडा तोंडात घालेपर्यंत विरूनही गेला. माझ्या ऑफिसातला मंदार हसला. "फेस कुठाय रे? तुमच्या घराण्याला हातभट्टीच जमायची!"

त्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, तोही रसायनशास्त्राचा. बोलणं लागलं, पण मान खाली घातली नाही. ग्लास उजेडात धरला. आतून तेलकट होता. कढईच्या घासणीनंच मी ग्लास घासले होते, आणि तेल फेसाला टिकू देत नाही. चूक माझी होती, घराण्याची नव्हती. आमचं काही बिघडलं की लोक थेट रक्तापर्यंत पोचतात. भांडं कुणी बघत नाही.

दुसरा ग्लास धुण्याच्या सोड्यानं धुतला, गरम पाण्यानं खळबळला, फडकं न लावता पालथा घालून निथळू दिला. मग ओतली. फेस उभा राहिला तो राहिलाच.

"ही बाटली चांगली निघाली वाटतं," मंदार पुटपुटला.

"बाटली तीच आहे," मी म्हणालो. "आणि घराणंही तेच."